चिपळूणमध्ये परवडणारे भाड्याचे घर कसे शोधावे

बदली, पहिली नोकरी किंवा मुलांचे शिक्षण अशा कोणत्याही कारणाने चिपळूणला राहायला येणारा माणूस बहुधा एप्रिल-मे महिन्यात घर शोधायला निघतो आणि दोन दिवसांतच त्याला वाटू लागते की, या गावात भाड्याने घरेच मिळत नाहीत. पुण्या-मुंबईसाठी ज्या संकेतस्थळांवर घरांची रीघ लागलेली असते, तिथे चिपळूणचे नाव घातल्यावर मोजकेच ब्लॉक दिसतात, आणि तेही बहुतेक नव्या इमारतींतले व दलालामार्फत आलेले असतात. प्रत्यक्षात गावात घरे भरपूर असतात. कोणाच्या वाड्यातली मागची दोन खोल्यांची बाजू, कोणी निवृत्तीनंतर बांधलेल्या बंगल्याचा वरचा मजला, मुंबईत नोकरी करणाऱ्या कोणा चाकरमान्याचे वर्षातले दहा महिने बंद असणारे घर, अशी ती विखुरलेली असतात आणि त्यांची जाहिरात कोणी करत नाही. घरमालकाला भाड्यापेक्षा ‘माणूस कसा आहे’ याची चिंता अधिक असल्यामुळे तो ओळखीतून आलेल्या माणसाची वाट पाहत घर महिनोन्‌महिने रिकामे ठेवतो.

मी या गावात दोनदा घर बदलले आणि पुढे नव्याने आलेल्या काही सहकाऱ्यांसाठीही घरे शोधली. त्या अनुभवातून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. इथले घर महिन्याच्या भाड्यावरून पारखू नये, पावसाळ्यावरून पारखावे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. मे महिन्यात प्रत्येक घर कोरडे, हवेशीर आणि स्वस्त दिसते. ते खरोखर स्वस्त आहे की नाही, हे ऑगस्टमध्ये कळते, आणि तोवर अनामत देऊन झालेली असते.

कामाची जागा आणि घर

शोध सुरू करण्यापूर्वी रोजचे जाणे-येणे कुठे होणार, हे नीट मांडावे. चिपळूणला राहणारी माणसे अनेक दिशांना कामाला जातात. कोणी लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत, कोणी खेर्डीच्या, कोणी कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात, तर कोणी सावर्डे-डेरवणच्या बाजूला. लोट्याला जाणाऱ्या माणसाने परशुराम घाटाचा विचार केल्याशिवाय घर निश्चित करू नये. २०२२ मध्ये रुंदीकरणाच्या कामामुळे आणि नंतर पावसाळ्यात दरड आल्यामुळे हा घाट वाहतुकीला बंद ठेवावा लागला होता, हे इथल्या प्रत्येक नोकरदाराच्या लक्षात आहे. ज्याचे काम बारमाही घाटापलीकडे आहे, त्याने चिपळूण शहरातल्या सोयी आणि लोटे परिसरातली जवळीक यांची तुलना मोकळ्या मनाने करावी.

घर शहराबाहेर घेतल्याने भाडे कमी झाले, तरी प्रवासाचा खर्च त्यात मिळवावा लागतो. एसटीच्या मासिक पासात वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस प्रवास करता येतो, त्यामुळे ज्या मार्गावर गाड्या वेळेवर आणि पुरेशा आहेत, तिथे बाहेरचे घर परवडते. जिथे सकाळची एकच गाडी आहे आणि ती चुकली की रिक्षाला पैसे मोजावे लागतात, तिथे वाचलेले भाडे रिक्षातच जाते. घर पाहायला जाताना स्वतःच्या मोटारीने न जाता एकदा तरी कामावर जाण्याच्या वेळेस एसटीने जाऊन पाहावे. रेल्वे स्थानक वालोप्याला, गावाच्या बाजारापासून दूर आहे, हेही दर शनिवारी-रविवारी घरी जाणाऱ्याने हिशेबात धरावे.

कोणाला विचारावे

दलालाकडे जाण्यात गैर काही नाही, पण त्याच्याकडे शेवटी जावे. आधी अशा माणसांना भेटावे ज्यांचा रोज घरोघरी वावर असतो. पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणारा एजंट हा माझ्या मते सर्वांत चांगला वाटाड्या. तो रोज शंभर दुकाने आणि घरे फिरतो, कोणाचा मुलगा पुण्याला स्थायिक झाला आणि वरचा मजला रिकामा पडला हे त्याला ठाऊक असते, आणि त्याच्या शब्दाला मालकाच्या घरी किंमत असते. त्याखालोखाल दूध आणि वर्तमानपत्र टाकणारी मुले, सिलिंडर पोहोचवणारा, वायरमन, रंगारी आणि कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. रंगाऱ्याला तर अवश्य विचारावे, कारण भाडेकरू गेला की मालक सर्वप्रथम त्यालाच बोलावतो.

शाळेतील लिपिक, महाविद्यालयातील सूचना फलक आणि आपल्याच कार्यालयातून बदलून जाणारे सहकारी हे आणखी तीन मार्ग आहेत. बदल्यांचा आणि शाळा सुटण्याचा काळ एकच असल्यामुळे एप्रिलच्या अखेरीपासून मेअखेरीपर्यंत घरे रिकामी होतात आणि जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या आत भरतात. सहकारी घर सोडणार असल्याचे कळले की, त्याच्यामार्फतच मालकांना भेटावे. जुन्या भाडेकरूने ‘हे माझ्या ओळखीचे’ म्हटले की, अनामत आणि भाडे दोन्हींबाबत बोलणे सोपे होते.

मालकांच्या घरी पहिल्यांदा जाताना शक्यतो कुटुंबासह जावे, आणि काका-काकू किंवा दादा-वहिनी असे ज्या नात्याने इतर त्यांना हाक मारतात, त्या नात्यानेच बोलावे. ते आपल्याला गाव, कामाचे ठिकाण, घरात माणसे किती, पाहुण्यांची ये-जा किती असे सगळे विचारतील. या प्रश्नांचा राग मानू नये, कारण ते एकाच अंगणात आपल्यासोबत राहणार असतात. मात्र आडनावावरून, धर्मावरून किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला ‘बघू, कळवतो’ म्हणून परत पाठवणारे मालकही भेटतात, आणि हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. माझ्या एका सहकारी शिक्षिकेला याच कारणाने तीन ठिकाणी नकार मिळाला. चौथे घर तिला मुख्याध्यापकांनी स्वतः सोबत जाऊन मिळवून दिले. अशा वेळी संस्थेतील वडीलधाऱ्या व्यक्तीने पुढाकार घ्यावा, ही विनंती मी इथे मुद्दाम करतो. मासे-मटण घरात शिजवण्याला मालकांची हरकत आहे का, हे मात्र पहिल्या भेटीतच स्पष्ट विचारून घ्यावे, म्हणजे पुढची कटकट टळते.

पुराची रेषा

चिपळूणमध्ये भाडे कमी असण्याचे एक कारण कोणी आपणहून सांगत नाही, आणि ते म्हणजे पूर. वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी शहरात शिरते. खाली गोवळकोटच्या बाजूने भरतीचे पाणी वर चढत असताना वर डोंगरात मुसळधार पाऊस सुरू असला, की नदीच्या पाण्याला ओसरायला वाट राहत नाही. २६ जुलै २००५ ला आणि त्याहून भीषण रीतीने २२ जुलै २०२१ ला शहराने हे भोगले. दुसऱ्या वेळी बाजारपेठेतले तळमजले बुडाले आणि माणसे पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर अडकून पडली. त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ काढण्याचे काम झाले आहे, पण त्यामुळे सखल भागातली जागा उंच होत नाही.

पाटबंधारे खात्याने आखलेल्या दोन पूररेषा असतात. साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. आपले घर कोणत्या रेषेत येते, हे नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात विचारता येते. परंतु त्याहून सोपी आणि भरवशाची खूण घरातच सापडते. बाजाराजवळ एक खालचा ब्लॉक मी पाहायला गेलो होतो. नुकताच रंग दिलेला, भाडे आश्चर्य वाटावे इतके कमी. मालक चावी आणायला गेले तेव्हा मी जिन्याखाली मीटरच्या पेटीमागे पाहिले. तिथे रंगाऱ्याचा ब्रश पोहोचला नव्हता, आणि माझ्या डोक्याच्या वर वीतभर अंतरावर मातकट रंगाची सरळ आडवी रेघ भिंतभर गेली होती. मालक परतल्यावर मी तिच्याकडे बोट दाखवले. ते प्रामाणिक गृहस्थ होते. ‘एकवीस साली इथवर होते’ एवढेच म्हणाले आणि वरच्या मजल्यावरचा ब्लॉक दाखवायला निघाले.

तेव्हा पेठमाप, मुरादपूर, शंकरवाडी, बाजारपेठ किंवा खेर्डीचा सखल भाग यांपैकी कुठेही घर पाहताना शेजाऱ्यांना सरळ विचारावे, ‘दोन हजार एकवीसला पाणी कुठवर होते?’ हा प्रश्न इथे कोणालाही खटकत नाही, उलट लोक हाताने उंची दाखवून सांगतात. या भागांत राहूच नये, असे माझे म्हणणे नाही. तिथे दवाखाना, बाजार, शाळा सगळे पायाखाली असते. फक्त तळमजला टाळावा, आणि वरचा मजला घेतला तरी दुचाकी पावसाळ्यात उंच जागी कुठे ठेवता येईल, हे आधीच ठरवून ठेवावे. घरात लहान मूल किंवा अंथरुणावरचे आजारी माणूस असेल, तर थोडे अधिक भाडे देऊन चढावरच्या वस्तीतच राहावे, याबाबत मात्र मी तडजोड करणार नाही.

ओल, पाणी आणि वीज

पुरापासून सुरक्षित घरातही ओल असतेच. मे महिन्यात तिच्या खुणा शोधाव्या लागतात. भिंतीवरची दिनदर्शिका किंवा तसबीर उचलून तिच्यामागचा गिलावा पाहावा आणि बोटाच्या पेराने ठोकावा. पोकळ आवाज आला किंवा पांढरी भुकटी हाताला लागली, तर ती भिंत पावसाळ्यात ओल धरते. नैर्ऋत्येकडून पाऊस येत असल्यामुळे त्या बाजूच्या भिंती आणि खिडक्या अधिक बारकाईने तपासाव्यात. भिंतीतल्या कपाटाची दारे उघडून नुसता वास घेतला तरी पुष्कळ कळते. स्लॅबवर पत्र्याची शेड घातलेली असेल तर तो मोठाच लाभ समजावा, कारण स्लॅब गळत नाही आणि चार महिने कपडे वाळवायला जागा मिळते. ज्या घरात कपडे वाळवायला आडोसा नाही, ते घर लहान मूल असलेल्या कुटुंबाने घेऊ नये.

कौलारू घर थंड आणि बहुधा स्वस्त असते. त्यात शाकारणी, म्हणजे कौले काढून पुन्हा नीट बसवण्याचे काम, कोण करणार आणि वानरांनी कौले फोडली तर खर्च कोणाचा, हे भाडे ठरवतानाच बोलावे. रिवाज असा की, पावसाआधीची शाकारणी मालक करतात, पण हा रिवाज प्रत्येक मालकाला मान्य असतोच असे नाही.

पाण्याबद्दल ‘भरपूर आहे’ या उत्तरावर थांबू नये. इतका पाऊस पडूनही कोकणातल्या चढावरच्या वस्त्यांत एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, आणि त्या दृष्टीने मे महिन्यात घर पाहणे फायद्याचे ठरते. नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, साठवणीची टाकी कोणाकोणाची मिळून आहे, मोटर कोणाच्या मीटरवर चालते आणि विहिरीचे पाणी या आठवड्यात किती खोल आहे, हे पाहूनच घ्यावे.

विजेच्या बाबतीत स्वतंत्र मीटर असलेले घर शंभर-दोनशे रुपये जास्त देऊनही पसंत करावे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या शंभर युनिटांना सर्वांत कमी, त्यापुढे तीनशेपर्यंत अधिक, आणि तीनशेच्या वर आणखी अधिक. दोन कुटुंबे एकाच मीटरवर असली, तर प्रत्येकाचा वापर नव्वद युनिटांचा असूनही मीटरवर एकशेऐंशी युनिटे पडतात आणि त्यातली ऐंशी महागड्या दराने मोजावी लागतात. आपण काटकसर केली, तरी शेजाऱ्यांचा गीझर आपला दर वाढवतो. खाली दुकान असलेल्या घरात तर मीटर व्यापारी दराचे नाही ना, हे बिलावर वाचून खात्री करावी. बारा आकडी ग्राहक क्रमांक मालकांकडून घेऊन मागील महिन्यांची बिले आणि थकबाकी पाहता येते, आणि चांगला मालक तो क्रमांक देण्यास कचरत नाही.

चाकरमान्यांची बंद घरे

शहराला लागून असलेल्या गावांत मुंबईकरांची घरे असतात. मोठी, स्वच्छ, अंगण-परसू असलेली आणि गणपती व शिमगा सोडल्यास कुलूपबंद. घर वापरात राहावे, वाळवी लागू नये, संध्याकाळी दिवा लागावा, एवढ्यासाठी ही मंडळी ते अगदी थोड्या भाड्याने देतात. ज्याला शांतता आवडते, त्याच्यासाठी याहून परवडणारा पर्याय नाही. मात्र इथे एक गोष्ट मी स्वतः ठेच लागल्यावर शिकलो.

माझे पहिले घर असेच होते. मालकांपैकी धाकट्या भावाशी फोनवर बोलणे झाले, चावी शेजारच्या काकींकडून मिळाली, कागद काही केला नाही. गणपतीच्या तीन दिवस आधी रात्री नऊ वाजता थोरल्या भावाचे कुटुंब, सात माणसे आणि पाटावर ठेवायची मूर्ती मागाहून येणार असल्याचा निरोप, असे सगळे दारात उभे राहिले. त्यांना आम्ही राहतो हे ठाऊकच नव्हते. घर सामाईक होते. थोरल्यांचा आवाज चढला, काकींनी मध्ये पडून समजूत घातली, आणि आम्ही अकरा दिवस एका खोलीत सामान कोंबून राहिलो. त्यांनी आम्हाला आरतीला आणि जेवायला रोज आपल्यात घेतले, हे आजही आठवते, पण दिवाळीला आम्हाला ते घर सोडावे लागले.

म्हणून असे घर घेताना ते एकाच्या नावावर आहे की सामाईक, हे घरपट्टीच्या पावतीवर, आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत असल्यास नमुना आठच्या उताऱ्यावर पाहावे. सामाईक असल्यास इतर भावंडांची संमती निदान लेखी निरोपाने तरी घ्यावी. गणपतीत कोणत्या खोल्या मोकळ्या करून द्यायच्या, किती दिवस, आणि त्या महिन्याचे भाडे किती, हेही करारात लिहून घ्यावे.

भाडे आणि करार

भाडे सांगितल्यावर लगेच घासाघीस करू नये. आधी त्या आळीतल्या दोन घरांचे भाडे विचारून घ्यावे आणि मग भाड्यापेक्षा अनामत, रंगकाम आणि दरवर्षीची वाढ यांवर बोलावे. मालक भाड्याचा आकडा सहसा सोडत नाहीत, कारण तो गावात सांगितला जातो. अनामत कमी करणे किंवा वाढ दोन वर्षे न करणे त्यांना सोपे जाते.

करार नोंदणीकृतच असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नुसता मुद्रांकावर लिहून नोटरीकडून शिक्का मारून घेतलेला कागद ही नोंदणी नव्हे. अनेक मालक खर्चाच्या भीतीने मागे सरतात, म्हणून त्यांना आकडे दाखवावेत. समजा भाडे ६,००० रुपये, मुदत ११ महिने आणि परत मिळणारी अनामत २०,००० रुपये आहे. एकूण भाडे ६६,००० आणि अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेले सुमारे १,८३३ रुपये, अशा रकमेवर पाव टक्का म्हणजे जवळपास १७० रुपये मुद्रांक शुल्क येते. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण हद्दीत ५०० रुपये आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून आधार आणि अंगठ्याच्या ठशाने हा करार घरबसल्या नोंदवता येतो. मध्यस्थ करून देणारा असेल तर त्याची वेगळी मजुरी आधी विचारावी आणि खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यावा. त्याच वेळी पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती देण्याचे कामही उरकावे.

करारात घर सोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यायची, अनामत किती दिवसांत परत मिळणार आणि तिच्यातून कशाचे पैसे कापले जाऊ शकतात, हे स्पष्ट लिहावे. भाडे रोख न देता खात्यावर जमा करावे. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घेणाऱ्यांना वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेल्यास मालकांचा पॅन क्रमांक द्यावा लागतो, तोही आधीच मागून ठेवावा.

चावी हातात आल्यावर

सामान आणण्यापूर्वी रिकाम्या घराची छायाचित्रे काढावीत. प्रत्येक भिंत, नळ, संडासाचे भांडे, खिडकीची तुटकी काच आणि मीटरचा त्या दिवसाचा आकडा त्यात यावा. ती लगेच मालकांना पाठवावीत, म्हणजे तारीखही आपोआप नोंदली जाते. गॅसजोडणी बदलून येईपर्यंत पाच किलोचा लहान सिलिंडर वापरता येतो. धान्याचे डबे, पुस्तके आणि कागदपत्रे पहिल्या पावसाळ्यात जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. पहिला मोठा पाऊस झाला की, त्याच दिवशी टॉर्च घेऊन सगळ्या खोल्यांची छते आणि कोपरे पाहावेत, जिथे पाणी उतरत असेल तिथला फोटो मालकांना पाठवावा आणि प्लंबर किंवा गवंडी मिळण्यासारखा आहे तोवर, म्हणजे आषाढ लागण्याआधी, ती दुरुस्ती करून घ्यावी.